पॉल एर्लिख

पॉल एर्लिख (१४ मार्च १८५४ – २० ऑगस्ट १९१५) हे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ, प्रतिकारशक्तिविज्ञानाच्या संस्थापकांपैकी एक आणि आधुनिक औषधी रसायनशास्त्राचे प्रवर्तक होते. रक्तपेशींचे रंगांच्या साहाय्याने वर्गीकरण, घटसर्पाच्या प्रतिविषाचे प्रमाणीकरण आणि उपदंशावरील साल्व्हरसान या औषधाचा शोध ही त्यांची तीन प्रमुख कार्ये होत. प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना १९०८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इल्या मेचनिकॉफ यांच्यासमवेत विभागून देण्यात आले. रासायनिक द्रव्य शरीरात सर्वत्र सारखे पसरत नाही, ते विशिष्ट पेशींना किंवा जंतूंनाच चिकटते, ही एकच कल्पना त्यांच्या विद्यार्थिदशेपासून अखेरपर्यंतच्या सर्व कार्याच्या मुळाशी होती. रोग्याला अपाय न करता केवळ रोगजंतूंना मारणारे द्रव्य प्रयोगशाळेत हेतुतः घडवता येईल, हा विचार त्यांनी याच कल्पनेतून मांडला.

जन्म आणि शिक्षण

एर्लिख यांचा जन्म तत्कालीन प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये असून त्याचे नाव स्ट्शेलिन असे आहे. त्यांचे वडील इस्मार एर्लिख हे मद्यनिर्मिती आणि खानावळीचा व्यवसाय करीत. आई रोझा या वायगर्ट घराण्यातील होत्या. याच मातुल घराण्यातील कार्ल वायगर्ट हे एर्लिख यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे असून पुढे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ झाले. अॅनिलीनपासून बनवलेले रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकांचा अभ्यास करण्यात वायगर्ट अग्रेसर होते. त्यांच्यामुळेच एर्लिख यांना रंगांची गोडी लागली.

शालेय शिक्षण ब्रेस्लाउ (आताचे व्रोत्स्वाफ) येथे झाले. पुढे परम्याच्या जंतूचा शोध लावणारे आल्बर्ट नायसर हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. त्यानंतर त्यांनी ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग या विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले. नेमलेल्या अभ्यासक्रमापेक्षा रंगांच्या बाटल्यांतच त्यांचे मन अधिक रमत असे. १८७८ साली लाइपझिग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय ऊतकांच्या अभिरंजनाचे शास्त्र आणि तंत्र हा होता. एखादा रंग एका पेशीला लागतो आणि शेजारच्या पेशीला लागत नाही, ही घटना त्यांनी केवळ भौतिक न मानता रासायनिक मानली. या संशोधनाच्या ओघात त्यांनी संयोजी ऊतकातील एक नवा पेशीप्रकार शोधून काढला आणि त्याला मास्ट पेशी असे नाव दिले. अधिहर्षतेच्या विकारांत या पेशींना किती महत्त्व आहे, हे पुढील शतकात उमगले.

बर्लिनमधील कार्य

१८७८ साली एर्लिख बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात थेओडोर फ्रेरिख्स यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. फ्रेरिख्स यांनी त्यांना संशोधनाची पूर्ण मोकळीक दिली. तेथे त्यांनी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून आम्लधर्मी, अल्कधर्मी आणि उदासीन रंगांनी तो रंगवण्याची पद्धत विकसित केली. त्यायोगे तोवर एकसारख्या भासणाऱ्या पांढऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार ओळखता येऊ लागले. इओसिन हा आम्लधर्मी रंग ज्यांच्या कणांना लागतो त्या पेशींना त्यांनी इओसिनोफिल हे नाव दिले. आज रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींची प्रकारवार टक्केवारी दिलेली असते. तिचा पाया या कामात आहे. मूत्रपरीक्षेतील डायॲझो प्रतिक्रियाही त्यांचीच देणगी होय. तिच्याच आधारे पुढे काविळीतील बिलिरुबिनचे मापन विकसित झाले.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या सभेस एर्लिख उपस्थित होते. कॉख यांची अभिरंजनाची रीत वेळखाऊ आणि किचकट होती. एर्लिख यांनी लगेच त्या कामी लागून नवी रीत काढली. क्षयाचा जंतू एकदा रंगला की तीव्र आम्लानेही त्याचा रंग जात नाही, इतर जंतूंचा मात्र जातो, हे त्यांनी दाखवून दिले. कॉख यांनी ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. झील आणि नील्सन यांनी तीत पुढे थोडे बदल केले. थुंकीतील क्षयजंतू शोधण्याची ही पद्धत भारतासह जगभरच्या प्रयोगशाळांत शतकाहून अधिक काळ वापरली जात आहे.

१८८३ साली त्यांचा विवाह वस्त्रोद्योजक योझेफ पिंकुस यांची कन्या हेडविग यांच्याशी झाला. त्यांना श्टेफनी आणि मारिआन्ने या दोन मुली झाल्या.

१८८५ साली त्यांनी शरीराच्या प्राणवायूच्या गरजेविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जिवंत प्राण्याच्या शरीरात रंग टोचून कोणत्या ऊतकात काय घडते, हे त्यांनी त्यात तपासले होते. काही रंग टोचले असता सर्व इंद्रिये रंगतात, पण मेंदू रंगत नाही, असे त्यांना आढळले. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसराच्या पुढील अभ्यासाचा आरंभ येथे झाला, असे मानले जाते. मिथिलीन ब्ल्यू हा रंग जिवंत चेतातंतूंना निवडकपणे रंगवतो, हेही त्यांनी त्यानंतर दाखवले.

आजारपण आणि पुनरागमन

१८८५ साली फ्रेरिख्स यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेल्या कार्ल गेरहार्ट यांच्या कारकिर्दीत एर्लिख यांचा संशोधनाचा वेळ रुग्णालयीन कामात जाऊ लागला. याच सुमारास त्यांना क्षयरोगाने गाठले. स्वतः सुधारलेल्या पद्धतीनेच त्यांनी आपल्या थुंकीतील जंतू पाहिले. उपचारासाठी ते पत्नीसह इजिप्तला गेले आणि १८८९ साली बरे होऊन बर्लिनला परतले. आता त्यांच्याकडे नोकरी नव्हती. त्यांनी एक लहानशी खाजगी प्रयोगशाळा थाटली आणि काम पुन्हा सुरू केले.

याच काळात त्यांनी एरंडाच्या बियांतील रिसिन आणि गुंजेच्या बियांतील ॲब्रिन या दोन जहाल वनस्पतिविषांवर उंदरांत प्रयोग केले. अत्यल्प मात्रेपासून आरंभ करून ती हळूहळू वाढवत नेल्यास उंदीर एरवी प्राणघातक ठरणारी मात्राही सहन करतात, असे त्यांना दिसले. रिसिनची सवय झालेला उंदीर ॲब्रिनने मात्र मरत असे. प्रतिकारशक्ती ही विशिष्ट विषापुरतीच असते, हे यावरून स्पष्ट झाले. अशी प्रतिकारशक्ती मादीच्या दुधातून पिलांना मिळते, हेही त्यांनी सिद्ध केले.

कॉख यांनी आपल्या नव्या संसर्गजन्य रोग संस्थेत त्यांना जागा दिली. १८९१ साली एर्लिख आणि पॉल गुटमान यांनी बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयात हिवतापाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्ल्यू दिले. हिवतापाच्या परजीवीला हा रंग लागतो, तेव्हा तो त्याला मारूही शकेल, असा त्यामागचा तर्क होता. रुग्णांना गुण आला. परिणाम क्विनाइनच्या तोडीचा नसल्याने हा उपचार रूढ झाला नाही. तथापि पूर्णतः कृत्रिम द्रव्य संसर्गजन्य रोगावर माणसात वापरण्याचा हा आरंभीचा प्रयोग म्हणून तो महत्त्वाचा मानला जातो.

घटसर्पाचे प्रतिविष

एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० साली प्रतिविषाचा शोध लावला होता. घटसर्पाने मुलांचे मोठ्या प्रमाणावर प्राण जात असल्याने या शोधाकडून फार अपेक्षा होत्या. परंतु प्राण्यांपासून मिळणाऱ्या रक्तद्रवाची शक्ती दर वेळी वेगवेगळी असे. त्यामुळे उपचार एकदा लागू पडे, तर दुसऱ्यांदा निष्फळ ठरे. विषाची मात्रा क्रमाने वाढवण्याची आपली पद्धत वापरून एर्लिख यांनी अधिक शक्तिमान रक्तद्रव मिळवण्याचा मार्ग दाखवला आणि त्याची शक्ती मोजण्याची रीतही घालून दिली.

मोजमापासाठी आधारभूत मानलेले विषच कालांतराने क्षीण होते, ही त्यातील मुख्य अडचण होती. क्षीण झालेल्या विषाची मारकता घटते, पण प्रतिविषाशी जुळण्याची क्षमता टिकून राहते, हे एर्लिख यांनी ओळखले. म्हणून त्यांनी विषाऐवजी प्रतिविष हेच प्रमाण ठरवले आणि ते सुकवून, निर्वात नळीत, थंड व अंधाऱ्या जागी जतन केले. जैविक औषधांच्या प्रमाणीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत पुढे याच तत्त्वावर उभी राहिली.

या औषधाच्या श्रेयावरून आणि लाभावरून बेरिंग व एर्लिख यांच्या संबंधांत कायमची कटुता आली. बेरिंग यांना १९०१ सालचे वैद्यकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले.

१८९६ साली बर्लिनजवळील श्टेग्लिट्स येथे रक्तद्रव संशोधन व परीक्षण संस्था स्थापन झाली आणि एर्लिख तिचे संचालक झाले. १८९९ साली ही संस्था प्रायोगिक चिकित्सा संस्था या नव्या नावाने फ्रँकफुर्टला हलवण्यात आली. तेथे ते अखेरपर्यंत राहिले.

पार्श्वशृंखला सिद्धांत

प्रतिविष शरीरात कसे तयार होते, याचे स्पष्टीकरण देण्यासाठी एर्लिख यांनी १८९७ साली पार्श्वशृंखला सिद्धांत मांडला. ही कल्पना रंगांच्या रसायनशास्त्रातून घेतलेली होती. त्यांच्या मते पेशीच्या अंगी विशिष्ट आकाराच्या पार्श्वशृंखला असतात आणि त्यांचे मूळ काम पोषक द्रव्ये पकडण्याचे असते. कुलुपात किल्ली बसावी तसे एखादे विष त्यांपैकी एखाद्या शृंखलेत बसते आणि ती निकामी होते. पेशी तिची उणीव भरून काढताना गरजेपेक्षा अधिक शृंखला निर्माण करते. जास्तीच्या शृंखला सुटून रक्तात येतात, आणि त्याच प्रतिविषाचे कार्य करतात. या शृंखलांना त्यांनी पुढे ग्राही अशा अर्थाची संज्ञा दिली.

जूल्स बॉर्दे, स्वांते आऱ्हेनियस आदी शास्त्रज्ञांनी या सिद्धांतावर कठोर टीका केली. त्याचे अनेक तपशील पुढे चुकीचे ठरले. परंतु पेशीच्या पृष्ठावरील ग्राहीशी विशिष्ट द्रव्याचा संयोग होतो, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना टिकली आणि औषधविज्ञानाच्या पायाचा भाग बनली.

रंगांकडून औषधांकडे

प्रतिविष नेमके विषालाच गाठते. मात्र अनेक रोगांवर असा रक्तद्रव मिळत नव्हता. अशा रोगांसाठी तीच नेमकेपणाची किमया रसायनांकडून करवून घ्यावी, असे एर्लिख यांनी ठरवले. या उपचारपद्धतीला त्यांनी केमोथेरपी हे नाव दिले. आज हा शब्द प्रामुख्याने कर्करोगाच्या संदर्भात वापरला जात असला, तरी त्यांच्या दृष्टीने तो सर्व संसर्गजन्य रोगांना लागू होता. शत्रूलाच शोधून वेध घेणाऱ्या बंदुकीच्या जादुई गोळीची उपमा त्यांच्या या कल्पनेशी कायमची जोडली गेली.

१९०४ साली एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी कियोशी शिगा यांनी ट्रिपॅन रेड या रंगाने ट्रिपॅनोसोमा या परजीवीची लागण झालेले उंदीर बरे केले. १९०६ साली फ्रान्झिस्का श्पायर यांनी आपले दिवंगत पती, बँकव्यावसायिक गेओर्ग श्पायर यांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून गेओर्ग-श्पायर-हाउस ही रसायनचिकित्सेला वाहिलेली संशोधनसंस्था उभी राहिली. एर्लिख यांच्याकडे तिचेही संचालकपद आले.

ॲटॉक्सिल हे आर्सेनिकयुक्त संयुग आफ्रिकेतील निद्रारोगावर गुणकारी असल्याचे त्या सुमारास आढळले होते. त्याने काही रुग्णांची दृष्टी मात्र कायमची जात असे. या संयुगाची तोवर मानलेली रासायनिक रचना चुकीची आहे, असा एर्लिख यांचा कयास होता. १९०७ साली त्यांनी आणि आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी खरी रचना सिद्ध केली. या रेणूत एक अमिनो गट मोकळा असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. म्हणजेच त्या जागी फेरफार करून नवनवी संयुगे बनवणे शक्य होते. औषधासाठी योगायोगावर विसंबून न राहता एकाच रेणूत पद्धतशीर बदल करावयाचे, प्रत्येक रूप प्राण्यांवर तपासावयाचे आणि रोग बरा करणारी मात्रा व शरीर सहन करू शकेल अशी मात्रा यांचे गुणोत्तर पाहून निवड करावयाची, ही कार्यपद्धती येथे आकारास आली. औषधनिर्मिती उद्योगाने पुढे हीच पद्धती स्वीकारली.

याच प्रयोगांत परजीवी औषधाला सरावतात आणि मग त्या औषधाने मरत नाहीत, हेही एर्लिख यांना आढळले. एका औषधाला दाद न देणारा परजीवी वेगळ्या गटातील औषधाने मात्र मरत असे. औषधरोधाचा हा आरंभीचा पद्धतशीर अभ्यास होय.

साल्व्हरसान

उपदंशाच्या जंतूचा शोध १९०५ साली फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमान यांनी लावला. तोपर्यंत या रोगावर प्रामुख्याने पारा वापरला जाई. त्याचा गुण अनिश्चित होता आणि त्रास मोठा होता. १९०९ साली किटासाटो यांच्या संस्थेतील साहाचिरो हाता हे फ्रँकफुर्टला आले. सशांमध्ये उपदंशाची लागण घडवून आणण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. एर्लिख यांनी त्यांच्यावर आर्सेनिकच्या संयुगांची फेरतपासणी सोपवली. त्यांत नोंदवहीतील ६०६ क्रमांकाचे संयुगही होते. सुमारे दोन वर्षांपूर्वी एका साहाय्यकाने ते निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवले होते. हाता यांनी ते उपदंशग्रस्त सशाला टोचले, तेव्हा जंतू दिसेनासे झाले आणि व्रण भरून आले.

मर्यादित प्रमाणावर रुग्णांवरील चाचण्या झाल्यानंतर एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेन येथील वैद्यकीय परिषदेत हा शोध जाहीर करण्यात आला. त्यानंतर औषधाच्या मागणीचा ओघ सुरू झाला. विक्रीपूर्वी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना विनामूल्य देण्यात आल्या आणि त्यांच्याकडून रुग्णांविषयीची माहिती मागवण्यात आली. त्याच वर्षी होएख्स्ट या कंपनीने साल्व्हरसान या नावाने ते बाजारात आणले.

हे औषध हाताळण्यास अवघड होते. हवेशी संपर्क येताच त्याचे विषारी द्रव्यात रूपांतर होत असल्याने ते बंद कुप्यांत भरले जाई. टोचण्यापूर्वी ते पाण्यात विरघळवून त्याची आम्लता काढून टाकावी लागे. या क्रियेत चूक झाल्यास रुग्णाच्या जिवावर बेतत असे. एर्लिख प्रत्येक दुष्परिणामाची आणि मृत्यूची माहिती घेत आणि डॉक्टरांना सूचना पाठवीत. १९१२ साली त्यांनी सहज विरघळणारे निओसाल्व्हरसान (क्रमांक ९१४) उपलब्ध करून दिले. एकाच मात्रेत शरीर पूर्णतः जंतुमुक्त करण्याची त्यांची आशा मात्र माणसांच्या बाबतीत फलद्रूप झाली नाही. उपचार दीर्घकाळ चालू ठेवावे लागत.

विरोध आणि खटला

साल्व्हरसानवर होणारी टीका केवळ वैद्यकीय नव्हती. लैंगिक संबंधांतून होणारा रोग बरा करणे म्हणजे अनीतीला उत्तेजन देणे, असे मानणारा वर्ग होता. एर्लिख यांच्या ज्यू असण्यावरूनही विखारी लेखन झाले. औषध घातक असून ते पैशाच्या लोभाने खपवले जात आहे, असे आरोप झाले. मार्च १९१४ मध्ये हा विषय जर्मन संसदेत निघाला. फ्रँकफुर्टमधील एका नियतकालिकाच्या प्रकाशकाने, तेथील रुग्णालयात वेश्यांवर हे औषध बळजबरीने वापरले जाते, असे लिहिले. त्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात एर्लिख यांनी साक्ष दिली. जून १९१४ मध्ये प्रकाशकाला एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा झाली. एर्लिख यांची बाजू न्यायालयात टिकली, तथापि या प्रकरणाचा त्यांच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम झाला.

व्यक्तिमत्त्व

एर्लिख यांची राहणी साधी होती. कागद, पुस्तके आणि नियतकालिके यांच्या ढिगांनी त्यांची खोली भरलेली असे. दिवसाला पंचवीसपर्यंत तीव्र चिरूट ते ओढत. जेवणाकडे त्यांचे लक्ष नसे. सहकाऱ्यांना दररोजची कामे ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून देत आणि त्यांचा पाठपुरावा काटेकोरपणे करीत. रेणूंची रचना सुचताच ती हाताशी असेल त्यावर, प्रसंगी शर्टाच्या बाहीवरही, ते रेखाटत. गुप्तहेरकथा वाचण्याचा त्यांना छंद होता. त्या काळी बढतीसाठी बाप्तिस्मा घेणारे ज्यू विद्वान होते. एर्लिख यांनी धर्मांतर केले नाही. जगन्मान्यता मिळाल्यावरही विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकपद त्यांना फ्रँकफुर्ट विद्यापीठाच्या स्थापनेनंतर १९१४ सालीच लाभले.

अखेरचे दिवस

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याच्या पहिल्याच महिन्यात बेर्टहाइम यांचे अपघाती निधन झाले. जर्मनीच्या युद्धभूमिकेचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर एर्लिख यांनीही सही केली होती. युद्धामुळे परदेशी सहकाऱ्यांशी असलेला त्यांचा संपर्क तुटला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे दुसऱ्या झटक्याने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्ट येथील ज्यू दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

१९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध होईपर्यंत साल्व्हरसान आणि त्यापासून बनवलेली औषधे उपदंशावरील प्रमुख उपाय होती. रंगांतून जंतुनाशक औषधे शोधण्याचा एर्लिख यांचा मार्ग त्यांच्यानंतरही चालू राहिला. गेरहार्ट डोमाक यांनी १९३० च्या दशकात प्राँटोसिल या तांबड्या रंगाचा जंतुनाशक गुण दाखवला आणि त्यातून सल्फा औषधांचा उदय झाला. साल्व्हरसानची एर्लिख यांनी मांडलेली रचनाही अंतिम ठरली नाही. त्यात आर्सेनिकच्या अणूंची वलये असलेल्या रेणूंचे मिश्रण असते, असे २००५ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले.

नाझी राजवटीत ज्यू म्हणून एर्लिख यांची स्मृती पुसण्याचा प्रयत्न झाला. फ्रँकफुर्टमधील रस्त्याला दिलेले त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. त्यांच्या पत्नी हेडविग यांना देश सोडावा लागला. १९४८ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. युद्धानंतर एर्लिख यांनी नावारूपास आणलेल्या संस्थेस पॉल एर्लिख इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. लसी आणि जैविक औषधांच्या परीक्षणाचे काम ती जर्मनीत आजही करते. युरो चलनात येण्यापूर्वी जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर एर्लिख यांचे चित्र होते. त्यांच्या जीवनावर १९४० साली हॉलिवूडमध्ये चित्रपटही निघाला असून त्यात एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी त्यांची भूमिका केली आहे.